सुट्टीच्या दुसऱ्या दिवशीचा दम

वाचनालयातून निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभात अध्यक्षांनी माझी ओळख 'पुस्तकांची देवघेव सांभाळणाऱ्या आपल्या बाई' अशी करून दिली. गळ्यात हार होता म्हणून गप्प बसले. शेवटची कितीतरी वर्षं मी देवघेवीच्या खिडकीत बसतच नव्हते. आतल्या संदर्भ विभागात जुन्या वर्तमानपत्रांच्या कपाटाला पाठ लावून एक संगणक ठेवला होता, आणि त्याच्यासमोर मी. येणाऱ्या माणसाला नेटवरच्या ज्ञानकोशात हवं ते शोधून द्यायचं, हे माझं काम. विज्ञान, इतिहास, हस्तकला, शेतीवाडी, काहीही. अध्यक्षांना ते काम वाटत नसावं. मी संगणकावर पत्ते खेळते असा त्यांचा बरीच वर्षं समज होता, असं मला शिपायाने नंतर सांगितलं.

माझा भाचासुद्धा म्हणतो, "मावशी, त्यात शोधायचं काय? टाइप करायचं आणि वाचायचं." ज्याला नाव ठाऊक आहे त्याच्यापुरतं त्याचं खरं आहे. ज्ञानकोश नावांवर चालतो. नाव घातलं की पान उघडतं. पण आमच्याकडे येणारी निम्मी माणसं नाव आणतच नसत, हकिगत आणत. "रेल्वे लाइनच्या कडंला एक झाड असतंय बगा, पिवळं फूल, शेरडंसुद्धा तोंड लावत न्हाईत, ते काय?" आता हे टाइप करून बघा. तिथे विचारत बसावं लागतं. काटे आहेत का, शेंग येते का, पान चुरगाळलं तर वास येतो का. असं करत करत नावापर्यंत पोचायचं. कधी दहा पानं उघडावी लागत, कधी माणूस कंटाळून उठून जाई आणि आठवड्याने नाव सापडल्यावर मी एकटीच खूश होई.

दुसरी गोष्ट म्हणजे हा ज्ञानकोश कुणा एका विद्वानाने लिहिलेला नाही. कुणीही लिहितं, कुणीही दुरुस्त करतं. गल्लीतल्या गणपतीच्या मांडवासारखं आहे ते. चार जण राबतात, दहा जण सूचना करतात. म्हणून मजकूर वाचण्याआधी मी पानाच्या तळाशी जायची. तिथे संदर्भ असतात, कोणतं वाक्य कुठल्या पुस्तकातून घेतलं ते. संदर्भ नसलेलं वाक्य मी वाचून दाखवायची, पण "याला आधार दिलेला नाही" हे वर सांगायची. आणि भाषा बदलली की पान बदलतं, हेही लोकांना माहीत नसतं. इंग्रजीत चार हात लांब असलेला विषय मराठीत दोन ओळींचा असतो, आणि खाली 'हा लेख अपूर्ण आहे' अशी पाटी. त्या पाटीची मला फार चीड होती.

बहुतेक गिऱ्हाईक म्हणजे शाळेच्या प्रकल्पवाल्या पोरांचे आईबाप. उद्या प्रकल्प द्यायचा आणि आज संध्याकाळी उगवायचे. "मॅडम, ज्वालामुखी काढून द्या," असं किराणा दुकानात गूळ मागावा तसं मागायचे. मी त्यांना हटकून विचारायची, "पोरगं कुठाय?" पोरगं घरी अभ्यास करत असायचं. बापाला ज्वालामुखी वाचायला बसवायची मी, आणि खरं सांगते, त्यातले काही बाप नंतर पोराशिवाय, स्वतःच्या हौसेने यायला लागले.

एकदा मंद्रूपच्या पलीकडून एक धनगर आजोबा आले. खांद्यावर विकायच्या घोंगड्या. त्यांना कुणी तरी सांगितलं होतं की नेटवर घोंगडीचं पान आहे. ते वाचून दाखवायला लावलं. ऐकून झाल्यावर म्हणाले, "खळ न्हाय लिवली." घोंगडीला कडकपणा यावा म्हणून चिंचोक्याची खळ देतात, ते त्या पानावर नव्हतं. मी म्हटलं, राहिलं असेल. आजोबा पडद्याकडे बोट करून म्हणाले, "ह्यात न्हाय म्हंजे फुडच्या पोरांना वाटंल की आमी लबाडी करतो चिंचोका लावून." मी हसले. घोंगडी घेतली नाही, चहा पाजला आणि पाठवून दिलं. त्यांचं वाक्य मात्र पुढे मला वेगळ्याच प्रसंगात आठवलं, तो प्रसंग सांगण्यासाठीच आज लिहायला बसले आहे.

आमच्या वाचनालयाच्या मागच्या गल्लीत विड्यांचा कारखाना आहे. बायका घरी विड्या वळतात आणि तयार माल तिथे आणून देतात. तिथली रांग उन्हात असते, म्हणून त्यातल्या कितीतरी जणी आमच्या पायरीवर येऊन बसायच्या. दारातल्या माठातलं पाणी प्यायच्या. तेलुगूत आणि मराठीत गप्पा चालायच्या. माझा आवाज जरा चढा आहे, त्यामुळे मी आत कुणाला काय वाचून दाखवते ते त्यांना बाहेर ऐकू जायचं. एका दुपारी त्यातली एक बाई पायरीवर चप्पल काढून आत आली. रिकामं सूप काखेत. सुमन तिचं नाव. वैरागचं माहेर, लग्न करून सोलापुरात आलेली. कपड्यांना तंबाखूचा वास होता आणि तो मला येतोय हे तिला जाणवत होतं, कारण ती टेबलापासून लांब उभी राहिली.

"बाई, तंबाकूच्या धुरळ्यानं मानसाचा दम जातो का, तेवडं बगून सांगा की."

मी म्हटलं, "कुणाचा दम?"

"मालकाचा."

"ते विड्या वळतात?"

"न्हाय ओ. मी वळते. त्ये सूतगिरणीत हायत, पिंजन खात्यात."

पिंजण खातं म्हणजे जिथे गाठी फोडून कापूस मोकळा करतात, पिंजतात. सगळीकडे रुईची धूळ उडते. पण तिने विचारलं होतं तंबाखूचं, म्हणून मी तंबाखू घातला. पानंच्या पानं निघाली. विडी कामगारांच्या घरातली धूळ, खोकला, दमा, सगळं होतं त्यात. तिच्या प्रश्नाला 'हो' म्हणून उत्तर देऊन मोकळं होता आलं असतं.

माझी मात्र एक सवय होती. आलेल्या प्रत्येकाला मी तीन गोष्टी विचारायची. कशासाठी हवंय, हे तुम्हाला कुणी सांगितलं, आणि तुम्ही स्वतः काय पाहिलंत. लोक वैतागायचे. एका प्राध्यापकांनी "हे पोलीस स्टेशन आहे का?" असं विचारलं होतं. पण माणूस टेबलापर्यंत जो प्रश्न आणतो तो पुष्कळदा त्याचा नसतोच, दुसऱ्याने त्याच्या हातात दिलेला असतो. उत्तर आधीच ठरवून मग दिलेला.

"तंबाखूनेच होतंय, असं कोण म्हणतं?" मी विचारलं.

"आत्या म्हन्त्यात." आत्या म्हणजे सासू. "म्हन्त्यात, तुज्या विड्यांनी माज्या लेकाचा दम खाल्ला."

"आणि तुम्ही काय बघितलंत? दम लागतो कधी?"

मग तिने सांगितलं. आठवडाभर नवरा बरा असतो. साप्ताहिक सुट्टीला घरी राहतो. ती भिंतीला टेकून विड्या वळत असते, तो पोरांबरोबर तिथेच लवंडलेला असतो. दुसऱ्या दिवशी पाळीवर गेला की तासा-दोन तासांत छाती आवळून येते, श्वास पुरत नाही. पुढच्या दोन-तीन दिवसांत हळूहळू कमी होतं. पुन्हा सुट्टी आली की पुन्हा तेच. सासूने हिशेब मांडला होता तो असा: सुट्टीचा दिवसभर पोरगा घरात तंबाखू हुंगतो आणि दुसऱ्या दिवशी त्याचा दम लागतो. मला तर तो हिशेब ऐकून बिनतोड वाटला.

"मग त्यावर काय केलंत?"

"त्येंनी सुट्टीच सोडली," सुमन म्हणाली. "सुट्टीच्या दिशी दुसऱ्याच्या बदली पाळी करत्यात. कितीक म्हैने झाले. घरी फकस्त झोपाया येत्यात, त्ये बी भायेर वट्ट्यावर. गिरणीत बरं वाटतंय म्हन्त्यात. आन मला सांगितलंय, विड्या सोड, ह्या म्हैन्यात कारखान्याचं कार्ड परत कर, न्हायतर वैरागला जा. पोरं हितंच ऱ्हातील."

तिने हे सांगताना आवाज जराही वर नेला नाही. पोरं इथेच राहतील, हे तिने सुपाच्या काठावरून बोट फिरवत सांगितलं. मी खुर्ची पुढे ओढली आणि तिला बसायला लावलं.

आता शोधायचं कसं? हकिगत होती, नाव नव्हतं. मी तंबाखू सोडला आणि कापसाच्या पानावर गेले. तिथून सूतकताईवर. त्या पानाच्या तळाशी संबंधित विषयांची यादी असते, तिच्यातून गिरणी कामगारांवर, तिथून धुळीवर, धुळीतून आजारांवर. दोन वेळा भलत्याच गल्लीत शिरले आणि परत आले. मग एक पान उघडलं. कापूस, ताग, अंबाडी यांच्या धुळीने होणारा फुप्फुसाचा आजार. मराठीत त्याच्या दोनच ओळी होत्या आणि खाली ती पाटी. इंग्रजीत सविस्तर होतं. मी आधी मनात वाचलं. तिसऱ्या परिच्छेदापाशी थांबले आणि तो पुन्हा पहिल्यापासून वाचला.

वाचून दाखवायचं तर गाळायचं नाही, हा माझा नियम. आणि त्यात नसलेलं आपल्या पदरचं घालायचं नाही. म्हणून जसं होतं तसं मराठीत सांगत गेले. या आजारात छाती आवळते आणि धाप लागते ती सुट्टीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त. मग काम चालू असताना आठवडाभर त्रास कमी होत जातो. सुरुवातीच्या काळात धुळीपासून दूर गेलं तर माणूस बरा होऊ शकतो. काम तसंच वर्षानुवर्षं चालू राहिलं तर पुढे त्रास रोजचाच होतो, आणि फुप्फुसाचं झालेलं नुकसान मग भरून येत नाही.

सुमन म्हणाली, "परत वाचा."

परत वाचलं.

"म्हंजे घरानं न्हाय," ती म्हणाली. तेवढ्याने ती सुटल्यासारखी दिसायला हवी होती, निदान मला तसं वाटलं होतं. पण पुढच्याच क्षणी तिचा चेहरा उतरला. "म्हंजे सुट्टी सोडली त्येच वंगाळ केलं. बरं वाटतंय म्हनून रोज जाऊ लागले, आन रोज आत धूळच घेऊ लागले."

मी म्हटलं, "बाई, मी डॉक्टर नाही. मला तुमच्या मालकांना काय झालंय ते सांगता येत नाही. मोठ्या सरकारी दवाखान्यात छातीचं खातं आहे, तिथे त्यांना न्या आणि एवढं नक्की सांगा, की सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी जास्त होतं."

"त्ये येत न्हाईत. आत्यानं सांगितल्याबिगर त्ये पानी पीत न्हाईत."

इंग्रजी पान छापून दिलं. चार दिवसांनी ते घड्या घालघालून मऊ झालेलं परत आलं. सासू म्हणाली होती, इंग्रजी कागद कुणीबी आणंल. त्या दिवशी मराठीतल्या त्या दोन ओळींचा मला जो राग आला तो अजून गेलेला नाही. त्या बाईच्या हातात द्यायला तिच्या भाषेतलं एक पान नव्हतं.

"त्यांनाच इकडे घेऊन या," मी म्हटलं.

मला वाटलं नव्हतं, पण सासू आल्या. साळूबाई. उंच, ताठ, नऊवारी लुगडं, कपाळावर कुंकू नाही, त्याच्या जागी रुपयाएवढं गोंदण. वाचनालयात आयुष्यात पहिल्यांदा शिरलेल्या, पण बुजलेल्या अजिबात नाहीत. खुर्चीवर बसल्या, संगणकाकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाल्या, "वाचा."

मी सगळं वाचलं. सुमन मागे कपाटाशी उभी होती. साळूबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "ह्ये लिवलंय कुनी?"

खोटं बोलता आलं असतं. डॉक्टरांनी लिहिलंय म्हटलं असतं तर प्रश्न मिटला असता, आणि ते फारसं खोटंही झालं नसतं. पण त्या खुर्चीत बसून मी इतरांना इतकी वर्षं जे सांगत आले तेच सांगितलं. "हे कुणीही लिहू शकतं, साळूबाई. खाली डॉक्टरांच्या पुस्तकांचे दाखले दिलेत, पण लिहिणारा कुणीही असू शकतो."

"तुमी बी?"

"हो. मीसुद्धा."

सुमनने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिच्या हातातलं पाण्याचं भांडं उपडं केलं होतं.

"मंग हिनं सांगितलं आन तुमी लिवलं, असं बी व्हईल की," साळूबाई म्हणाल्या.

प्रश्न रास्त होता. एकाही प्राध्यापकाने मला तो कधी विचारला नव्हता. प्रत्येक पानाला एक इतिहास असतो, कुणी कधी काय बदललं त्याची नोंद. मी ती उघडली, बघा म्हटलं, हे फार जुनं आहे, सुमन इथे येण्याच्या किती तरी आधीचं. साळूबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी पडद्याकडे एकदा बघितलं आणि पदर सावरून उठायला लागल्या. माझ्याजवळ दाखवण्यासारखं काही उरलं नव्हतं. फक्त माझा नेहमीचा तिसरा प्रश्न तेवढा शिल्लक होता, आणि तो मी सवयीने विचारला.

"साळूबाई, तुम्ही स्वतः असं कधी पाहिलंय का? दुसऱ्या कुणाचं?"

त्या अर्ध्या उठलेल्या तशाच थांबल्या. मग परत बसल्या. वरचा पंखा कुरकुरत होता. म्हणाल्या, "त्यो सुट्टीचा भाग परत वाचा."

मी वाचला.

"आमचे मालक जुन्या मिलमंदी हुते," साळूबाई बोलायला लागल्या. माझ्याशी नाही, टेबलाशी. "पिंजन खात्यातच. सुट्टीच्या दुसऱ्या दिशी भोंगा झाला की निगायचे आन जेवनाच्या सुट्टीला छाती धरून घरी यायचे. उंबऱ्यावर बसायचे. म्या म्हनायची, काल कुटं ढोसून आला? शेजारीपाजारी बी त्येच म्हनायचे. सुट्टीची दारू दुसऱ्या दिशी बोलती, असं समदी हसायची. त्ये म्हनायचे, तुज्या गळ्याची आन, पिलो न्हाय. म्या गळ्यावरचा हात झिडकारायची."

मग त्यांनी मान वळवून सुनेकडे बघितलं. आल्यापासून पहिल्यांदाच बघितलं.

"त्या येळंला घरात विडी नव्हती," त्या म्हणाल्या.

साळूबाई म्हणाल्या, "पानी दे." सुमनने माठातलं पाणी आणून दिलं. ते त्या सगळं प्यायल्या, तांब्या तिच्या हातात परत दिला आणि उठल्या. "चल. त्येची पाळी सुटंल आता." दोघी तशाच गिरणीच्या फाटकाकडे निघाल्या. सुमन तिचं सूप माझ्या टेबलाखाली विसरून गेली, ते मी नीट ठेवून दिलं.

सगळं चांगलं झालं असं सांगायला मला आवडलं असतं. दवाखान्यात सुमनच्या नवऱ्याच्या तपासण्या झाल्या. फुंकायला लावतात, फोटो काढतात, ते सगळं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की जे गेलं ते गेलं, उरलंय ते सांभाळायचं असेल तर ते खातं आजच सोडा. सुट्ट्या न घेता काढलेले ते महिने नसते तर थोडं जास्त उरलं असतं का, असं सुमनने विचारलं. असेलही, त्या म्हणाल्या. गिरणीने त्याला बाहेर, फाटकाजवळच्या कामावर घेतलं. सुमन वैरागला गेली नाही. विड्या मात्र ती आता घरात वळत नाही, बाहेर ओट्यावर वळते, आणि ते सासूच्या नव्हे, तिच्या स्वतःच्या मनाने. त्या धुळीचंही पान मी तिला वाचून दाखवलं होतं ना.

तिचा नवरा एकदा वाचनालयात आला. भारत त्याचं नाव. आमच्या चार पायऱ्या चढताना मध्ये थांबला. त्याला ते पान बघायचं होतं. मी उघडून दिलं. फुप्फुसाचं चित्र होतं, त्याकडे तो बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "बापाला म्या बी दारुडाच म्हनलो हुतो, बाई. मेल्यावर बी." मी त्याला पाणी दिलं.

त्यानंतर साळूबाई अधूनमधून यायला लागल्या. वाचायला नाही, नुसत्या पंख्याखाली बसायला. एक दिवस म्हणाल्या, "कुनीबी लिवू शकतं म्हन्ला हुता न्हवं?"

"हो."

"मंग आमच्या मालकाचं लिवा त्यात. त्ये पीत नव्हते, असं लिवा. समद्या गल्लीनं म्हनलेलं हाय, त्ये पुसायला नको का?"

तोवर मी निवृत्तीला आले होते. घरी बसल्यावर पहिलं काम तेच केलं. मराठीतलं ते दोन ओळींचं पान वाढवलं. सुट्टीनंतरचा पहिला दिवस, आठवड्यात कमी होणारा त्रास, सवयीने वाटणारा खोटा आराम, सुट्ट्या सोडण्याचा धोका, सगळं सोप्या मराठीत, प्रत्येक वाक्याला दाखला देऊन. आजारांची पुस्तकं पुन्हा काढून वाचावी लागली. डोळे गेले माझे, पण ती 'अपूर्ण'ची पाटी माझ्या हाताने काढली तेव्हा जे वाटलं ते निरोपाच्या हाराने वाटलं नव्हतं. आणि शेवटी एक वाक्य घातलं, की सोलापुरात गिरणी कामगारांच्या या त्रासाला लोक सुट्टीच्या दारूचा परिणाम समजत आणि अनेकांवर विनाकारण दारुडेपणाचा शिक्का बसला. साळूबाईंना बोलावून वाचून दाखवलं. त्यांनी ते दोनदा ऐकलं आणि पदराने तोंड पुसलं.

दोन दिवसांनी ते वाक्य नव्हतं. इतिहासात बघितलं. कुणा स्वयंसेवकाने काढलं होतं आणि कारण दिलं होतं: संदर्भ नाही. प्रत्येक लेखामागे लिहिणाऱ्यांनी आपसात बोलायचं एक चर्चेचं पान असतं, तिथे जाऊन मी लिहिलं की मी हे एका कामगाराच्या पत्नीकडून स्वतः ऐकलं आहे. त्याने फार नम्रपणे उत्तर दिलं. ताई, ऐकीव माहिती इथे चालत नाही, कुठे छापून आलं असेल तर द्या. मी संतापाने उत्तर लिहायला घेतलं आणि अर्ध्यावर थांबले. तो जे सांगत होता तेच मी जन्मभर लोकांना सांगत आले होते. 'याला आधार दिलेला नाही.' तो पोरगा असेल तर माझ्याच तालमीतला म्हणायचा. त्या संध्याकाळी मला घोंगडीवाले आजोबा आठवले, आणि मी हसले होते ते आठवलं.

साळूबाईंपासून लपवलं नाही. त्यांना म्हटलं, काढून टाकलं, पुरावा मागतायत.

"कसला पुरावा?"

"छापलेला."

मग म्हणाल्या, "म्या जित्ती हाय की. मला इचार म्हनावं."

ते मला तिथे लिहिता आलं नाही. त्या चर्चेच्या पानावर साळूबाईंना कुठे बसवणार होते मी? गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. सुमन घरी येऊन सांगून गेली. आता विचारायलाही कुणी उरलेलं नाही.

म्हणून या अंकाच्या संपादकांनी 'नोकरीतला एखादा किस्सा लिहा' असं म्हटलं तेव्हा मी लगेच हो म्हणून टाकलं. किस्सा सांगायची हौस मला नव्हती. हा अंक कागदावर छापला जाणार आहे, त्याला पानांचे आकडे असतील, वाचनालयात तो जपून ठेवतील. उद्या कुणी दाखला मागितला तर या पानाचा देता येईल. मान्य करतील की नाही ते त्यांचं ते बघतील. मी माझ्याकडून छापून ठेवते.

सोलापूरच्या जुन्या मिलच्या पिंजण खात्यातले कामगार नामदेव सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी छाती धरून उंबऱ्यावर बसत. ते दारू पीत नव्हते. सांगणारी, त्यांची पत्नी साळूबाई.